पहिलं सांगणं

आईच्या आयुष्यातला शेवटचा साधा दिवस रविवार होता, आणि तो धपाट्यांवरच्या भांडणानं सुरू झाला.

"ज्वारी कमी आणि गहू जास्त घातलायस तू," मंजिरीबाई तव्याकडे बघत म्हणाल्या. "हे धपाटं नव्हे. हे घेऊन सुरतेला जा, ठेपला म्हणून खपेल."

"मॅडम, हे झालं मत," शर्वरी म्हणाली. "पुरावा?"

"पुरावा तव्यावर आहे की! बघ, एक तरी कड फाटली का? ज्वारी असती तर फाटली असती."

घरात 'मॅडम' म्हणणं ही थट्टा होती, विभागात ती शिस्त होती. नांदेडच्या विद्यापीठात, पत्रकारितेच्या विभागात मंजिरी मुखेडकर शिकवायच्या आणि त्यांची मुलगी तिथंच एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. विभागाच्या पायऱ्या चढल्या की आई संपायची आणि मॅडम सुरू व्हायच्या. हा नियम दोघींनी न बोलताच केला होता. शर्वरी तो जरा जास्तच पाळायची. व्हरांड्यात आई समोरून आली तर मान हलवून पुढे जायची. वर्गातली मुलं मॅडमचं कौतुक करायला लागली की हिला एकदम पाणी प्यायला जावंसं वाटायचं. मॅडमची मुलगी म्हणून मार्क मिळतात, हे तिला कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

बाबा पाटबंधारे खात्यात होते आणि त्या रविवारी कामासाठी पैठणला गेले होते. जेवणं झाल्यावर मंजिरीबाई मुलांचे प्रबंध तपासायला बसल्या. शर्वरीच्या प्रबंधाची पाळी आली. त्यांनी शांतपणे सगळा वाचला आणि शेवटच्या पानावर दोन शब्द लिहिले : 'परत जा.'

हा त्यांचा शेरा विभागात प्रसिद्ध होता. लग्नपत्रिका दिली तरी मॅडम त्यावर 'परत जा' लिहून देतील, असं मुलं म्हणायची.

"कुणाकडे परत जाऊ?" शर्वरी वैतागली. "सगळ्यांचं छापून आलेलं पहिलं सांगणं मी प्रबंधात घेतलंय. आता त्यांच्याकडे घेण्यासारखं काही उरलेलं नाही."

"असं वाटतं तुला?" एवढंच म्हणून मंजिरीबाईंनी पुढचा प्रबंध उघडला.

संध्याकाळी दोघी थोडा वेळ गच्चीवर बसल्या, काहीबाही बोलल्या, मग खाली आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी विभागाच्या पायऱ्यांवर मंजिरीबाईंच्या छातीत कळ आली. मुलांनी उचलून दवाखान्यात नेलं, पण नेण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं.

*

'पहिलं सांगणं' हा शब्द आज लहान पोरांच्याही तोंडात आहे, पण शर्वरी शाळेत होती तेव्हा तो कुणाला माहीत नव्हता. त्या काळात लोकांचा स्वतःच्या डोळ्याकानांवरचा विश्वास उडाला होता. कुणाचाही चेहरा आणि कुणाचाही आवाज यंत्रं हुबेहूब घडवायची. पूर आला नसला तरी पुरात वाहून जाणारं गाव दिसायचं, त्या गावातली बाई हंबरडा फोडताना ऐकू यायची. खऱ्या पुरातली खरी बाई बोलली तरी लोक म्हणायचे, काय सांगावं, बनवलेली असेल.

मग ओल मोजायचं यंत्र आलं.

त्यामागचं तत्त्व मेंदूच्या अभ्यासकांना आधीपासून ठाऊक होतं. आठवण ही कपाटात ठेवलेल्या फोटोसारखी नसते. बाहेर काढली की ती मऊ पडते, आणि परत ठेवताना थोडी बदलून ठेवली जाते. पुढच्या खेपेला आपल्याला मूळ प्रसंग आठवत नाही, आपण मागच्या खेपेला तो कसा आठवला ते आठवतं. बंगळूरच्या काही संशोधकांनी हे आवाजावरून ओळखता येतं असं दाखवून दिलं. डोळ्यांनी पाहिलेलं माणूस पहिल्यांदा शब्दांत सांगतो तेव्हा तो वाक्याच्या मधेच कुठंतरी थबकतो, कारण मेंदू चित्र धुंडाळत असतो. तेच तो पुन्हा पुन्हा सांगायला लागला की वाक्याच्या शेवटी थांबतो, कारण आता तो तयार वाक्यं उचलत असतो. हे थबकणं, श्वास अडकणं, स्वरयंत्राचा थरकाप इतका बारीक असतो की माणसाच्या कानाला कळत नाही. यंत्राला कळतो. यंत्र त्याचा शंभरपैकी एक आकडा काढून देतं. बनावट आवाजाचा आकडा शून्याला चिकटतो, कारण त्या आवाजानं कधी काही पाहिलेलंच नसतं.

यंत्राचं शास्त्रीय नाव लांबलचक होतं. मराठी वार्ताहरांनी त्या आकड्याला 'ओल' म्हणायला सुरुवात केली आणि तेच रूढ झालं. वर्तमानपत्रं प्रत्येकाच्या म्हणण्याखाली ओल छापू लागली. ऐंशीच्या पुढे असली तर लोक बातमी विश्वासानं वाचायचे. पुष्कळ वर्षांनी खरं आणि खोटं वेगळं करता येऊ लागलं.

पण ओल सगळ्यात जास्त असते ती पहिल्या सांगण्यात, आणि पहिलं सांगणं एकदाच होतं. त्यामुळे त्याच्यासाठी झुंबड उडाली. अपघात झाला की वाहिन्यांची माणसं रुग्णवाहिकेच्या आधी पोचायची, जखमींच्या नातेवाइकांना पाण्याची बाटली द्यायची आणि म्हणायची, "ताई, आमच्याशी बोलेपर्यंत कुणाशी बोलू नका हं. आईशीसुद्धा नको."

नांदेडच्या विभागाला मात्र या यंत्रानं मोठा मान मिळवून दिला. यंत्र येण्याच्या कितीतरी आधीपासून मंजिरीबाई मुलांना एक गोष्ट सक्तीनं करायला लावत. कुठून काही पाहून आलात की कँटीनमध्ये जायचं नाही, मित्राला फोन करायचा नाही. विभागातल्या कोपऱ्यातल्या खोलीत एक तासभर गप्प बसायचं आणि मग सरळ लिहायला घ्यायचं. मुलं या तासाला 'कोठडी' म्हणायची. "बोलून टाकलंत की तुम्ही घटना विसरता आणि तुमचं बोलणं लक्षात ठेवता," हे मॅडमचं वाक्य पाठ होतं सगळ्यांना. पटलं होतं फार थोड्यांना. यंत्र आल्यावर विभागप्रमुख इनामदार सरांनी सहज गंमत म्हणून मुलांची ओल मोजली. कोठडीत बसून आलेल्यांची ओल कँटीनमधून आलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट निघाली. सर त्या वर्षीच्या कार्यक्रमात म्हणाले, "बंगळूरला जे कोट्यवधी खर्चून कळलं, ते आमच्या मॅडमना एका बाकावर कळलं होतं." सभागृहात टाळ्या थांबेनात. शर्वरी तेव्हा नेमकी पाणी प्यायला बाहेर गेली होती. दाराआडून तिनं सगळं ऐकलं.

*

आई गेल्यावर घरी माणसं भेटायला येऊ लागली. आपल्याकडे भेटायला आलेलं माणूस चपला काढतं, खाली बसतं, थोडा वेळ जमिनीकडे बघतं आणि मग विचारतं, "कसं झालं हो?" घरचं कुणीतरी पहिल्यापासून सांगतं. तेवढ्यात दुसरं कुणी येतं. पुन्हा पहिल्यापासून.

बाबा प्रत्येकाला सांगत होते. पैठणला फोन कसा आला, गाडी कशी मिळेना, दवाखान्याच्या दारात कोण उभं होतं. सुरुवातीला त्यांना वाक्य पुरं करता यायचं नाही. दहाव्या दिवसापर्यंत त्यांचं सांगणं एका लयीत आलं होतं.

"आणि आदल्या दिवशी? शरू होती ना घरी?" कुणीतरी विचारायचं. सगळे तिच्याकडे वळायचे. शर्वरी उठून आत जायची.

"पोरगी दगडाची आहे बाई," आत्या एकदा म्हणाली. आत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली.

ती दगडाची नव्हती. ती राखण करत होती. तो रविवार तिनं एकटीनं पाहिला होता. आई जिवंत असलेला, पूर्ण, शेवटचा दिवस, आणि तो अजून कुणाला सांगितलेला नव्हता. त्या विभागात शिकलेलं माणूसच करू शकेल अशी चूक तिनं केली होती : स्वतःच्या आईच्या आठवणीला तिनं कोठडीत बसवलं होतं, आणि तासाचं वर्ष होत आलं तरी बाहेर काढलं नव्हतं.

विभागानं मॅडमच्या नावानं एक संग्रह सुरू करायचं ठरवलं. साध्या माणसांची पहिली सांगणी, ओलीसकट जपून ठेवायची. उद्घाटन पहिल्या स्मृतिदिनी.

"पहिलं ध्वनिमुद्रण तुझंच हवं," इनामदार सर म्हणाले. "तो रविवार. कुणाला सांगितला नाहीस ना अजून?"

"नाही सर."

"शाब्बास. मॅडमची विद्यार्थिनी शोभतेस."

हे कौतुक तिला फार दिवस पुरलं.

बाबा मात्र मधूनमधून विचारायचे. भाजी निवडताना, गाडी पुसताना, दुसरंच काहीतरी बोलता बोलता. "शरू, त्या रविवारी काय केलंत गं दोघींनी?"

"बाबा, ध्वनिमुद्रण होऊ द्या. मग सगळं सांगते."

"म्हणजे पहिलं सांगणं मशिनीला आणि दुसरं नवऱ्याला," बाबा हसून म्हणायचे. "चालायचंच. आम्ही तेव्हा धरणाचे दरवाजे बघत बसलो होतो, आमचा हक्क कुठला?"

ते हसायचे खरे, पण मग निवडलेलीच भाजी पुन्हा निवडायला लागायचे.

गंमत अशी होती की बाबा सुधारत होते आणि ती नव्हती. बाबांना झोप लागायची. आईच्या आठवणीनं ते रडायचे, तसे हसायचेही. शर्वरीला मात्र तव्यावर तीळ तडतडल्याचा आवाज आला तरी स्वयंपाकघर सोडून बाहेर जावं लागायचं. तो रविवार तिच्या आत जसाच्या तसा होता, ओला, आणि त्याला हात लावता येत नव्हता. एकदा प्रबंधासाठी म्हणून तिनं बाबांची ओल मोजली. दवाखान्याच्या दारातला प्रसंग, आकडा चौदा. तिला रागच आला. वर्षभरात एवढं वाळून जातं?

*

वर्षभर रखडलेला प्रबंध पुरा करायचा तर आईचा शेरा पाळणं भाग होतं. ज्यांनी कधीकाळी मोठ्या घटना पाहिल्या, त्यांच्याकडे परत जायचं आणि ओल मोजायची. यादीत पहिलं नाव होतं नजमा आपांचं. नांदेडच्या इतवारा भागात राहणाऱ्या, उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. पुष्कळ वर्षांपूर्वी लग्नाच्या मांडवाला आग लागली होती आणि त्यात त्यांची धाकटी बहीण गेली होती. त्यांचं पहिलं सांगणं तेव्हा मंजिरीबाईंनीच छापलं होतं.

"मंजिरीची बेटी!" आपांनी दारातच तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "नाक तिचंच आहे. बस. मशीन बाजूला ठेव, आधी चहा पी."

चहा झाल्यावर आपांनी आग सांगितली. कुठंही न अडखळता, वर्गात धडा सांगावा तशी. यंत्रानं आकडा दाखवला, अकरा.

शर्वरीला वाईट वाटलं. "आपा, रागावू नका. पण तुमची आठवण वाळून गेली आहे."

आपा खळखळून हसल्या. "गेली नाही बेटा, वाळवली. तुझ्या अम्मीनं वाळवली."

"म्हणजे?"

"पेपरात छापून आलं, पेपर रद्दीत गेला, लोक विसरले. ही बाई यायचं थांबेना. महिन्या-दोन महिन्यांनी दारात हजर. हातात पेन नाही, फोन नाही. चहा प्यायची आणि म्हणायची, आपा, कसं झालं ते सांगा. मी एकदा चिडले. म्हटलं, मंजिरी, तुला तर पाठ झालंय सगळं! तर म्हणते कशी, मला झालंय हो, तुम्हाला व्हायचंय."

शर्वरीनं यंत्र बंद केलं.

"पहिल्या वेळी सांगितलं ना तिला, तेव्हा आग माझ्या घशात होती," आपा म्हणाल्या. "दुसरं काही आठवायचंच नाही. बहीण म्हटलं की आग. मग सांगता सांगता एके दिवशी तिच्या हिरव्या बांगड्या आठवल्या. मग तिनं त्याच सकाळी माझ्या नवऱ्याची केलेली नक्कल आठवली. मंजिरी आणि मी, दोघी पोट धरून हसलो. मी मेलेल्या बहिणीवरून हसले, बेटा! त्या रात्री मला झोप लागली."

"मला कधी बोलली नाही ती हे."

"कशाला बोलेल? तू तिच्या वर्गात होतीस ना? वर्गात सांगायचं तेवढं सांगितलं असेल तिनं, तिचं ते 'परत जा'."

शर्वरी बाहेर आली तेव्हा गल्लीत शाळेची पोरं आरडाओरडा करत चालली होती. तिला घराच्या बैठकीत बसलेली, जमिनीकडे बघणारी माणसं आठवली. कसं झालं हो, कसं झालं हो. ती माणसं नुसती चौकशीला आली आहेत असं तिला वाटलं होतं; ती ऐकायला आली होती. आईला मात्र दोन्ही माहीत होतं : एक सांगणं जपून कसं घ्यायचं, आणि मग सांगणाऱ्याला एकटं न सोडता उरलेली सगळी सांगणी कशी ऐकायची. पहिलं शिकवून आईचं नाव झालं. दुसरं ती कुणाला न सांगता, रिकाम्या हातांनी, करत राहिली होती. आपल्या आईएवढा मोठा वार्ताहर आपण पाहिलेला नाही, असं शर्वरीला भर गल्लीत वाटलं आणि तिला रस्ता दिसेना.

तिनं तिथूनच इनामदार सरांना फोन केला.

"सर, मी ध्वनिमुद्रणाला येणार नाही."

"म्हणजे? कुणाला सांगितलंस की काय?"

"आज सांगणार आहे. बाबांना."

"अगं, स्मृतिदिन आठवड्यावर आलाय! एवढे दिवस थांबलीस. ओल एकदा गेली की परत येत नाही, शर्वरी."

"माहीत आहे, सर. मॅडमनीच शिकवलंय."

सर मग एवढंच म्हणाले, "तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग."

*

बाबा स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. शर्वरी त्यांच्यासमोर बसली, अर्धी जुडी आपल्याकडे ओढली आणि म्हणाली, "धपाट्यांवरून भांडलो आम्ही."

बाबांचे हात थांबले. मग त्यांना कळलं. त्यांनी मेथी बाजूला सारली.

पहिलं सांगणं फार वाईट झालं. ती वाक्याच्या मधे थांबायची, मागे जायची, तव्यापाशीच अडकायची. यंत्र असतं तर आकडा शंभराला टेकला असता. बाबा मधेमधे बोलत होते.

"गहू जास्त घातलास? खरंच?"

"थोडासा."

"मग बरोबर होतं तिचं. पुढे?"

"पुढे तिनं माझ्या प्रबंधावर 'परत जा' लिहिलं."

"हाऽऽ! माझ्या प्रेमपत्रावर लिहिलं होतं तिनं तेच." बाबांनी डोळे पुसले आणि हसले. "गेलो परत. काय करतो? पुढे?"

मग गच्ची आली. तिथं आई म्हणाली होती, 'माझ्या तासाला तू वही उघडत नाहीस. मला दिसतं हं ते. सगळी मुलं लिहीत असतात. कंटाळा येतो का गं माझा?' आणि शर्वरी म्हणाली होती, 'तेच तेच तर सांगतेस.' आई हसली होती. 'खरंय. जुनी झाले आता,' म्हणाली आणि वाळलेल्या चादरी उचलून खाली गेली.

"झालं," शर्वरी म्हणाली. "एवढाच दिवस होता."

बाबा मेथी पुन्हा पुढ्यात ओढत म्हणाले, "परत सांग."

तिनं परत सांगितलं. दुसऱ्या दिवशी आत्या आली. बाबा म्हणाले, "शरू, हिला सांग की." आत्या जमिनीकडे बघत बसली आणि शर्वरीनं आत्यालाही सांगितलं. या खेपेला तिला आईनं पिठाच्या हातानं कपाळावरचे केस मागे सारले होते ते आठवलं. आत्यानं तिला जवळ ओढलं, "बाई गं माझी," म्हणाली आणि दोघी रडल्या. दगडाचा विषय पुन्हा निघाला नाही.

स्मृतिदिनाच्या सकाळी बाबा फोटोला हार घालून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हं. धपाट्यांपासून."

आता शर्वरीला अडखळायला होत नव्हतं. ठेपल्यावर दोघं हसले. 'परत जा'वर हसले. ती गच्चीवर पोचली.

"मग आई म्हणाली, कंटाळा येतो का गं माझा? मी म्हणाले, नाही गं आई, तू..."

ती एकदम थांबली. तिचा चेहरा उतरला.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"हे मी म्हणाले नव्हते. मी म्हणाले होते, तेच तेच सांगतेस." तिनं कपाळाला हात लावला. "बघितलंत बाबा? बदलायला लागलं. घडलं नाही ते माझ्या तोंडून यायला लागलं."

"काय येत होतं तोंडून?"

"ते घडलेलं नाही, बाबा. बातमीत बसणार नाही."

"बातमी कोण लिहितंय इथं?" बाबा म्हणाले. "रविवारी म्हणाली नव्हतीस. ठीक आहे, तसं नोंदव. आता म्हण."

शर्वरी उठून उभी राहिली. वर्गात उत्तर द्यायला उभं राहावं तशी. फोटोकडे बघून तिला बोलता येईना, म्हणून ती नुसतीच समोर बघून बोलली, मोठ्यानं, पुढच्या खोलीतसुद्धा ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"नाही गं आई, कंटाळा नव्हता. तू बोलायला लागलीस की मला लिहायचं भान राहायचं नाही. सगळे माना खाली घालून लिहीत असायचे आणि मी एकटी तुझ्याकडे बघत असायचे. मनात म्हणायचे, ही माझी आई आहे."